बसच्या आरशात आपण दिसतो का?



दर वेळी आम्ही इथे बचत गटाच्या हिशोबावर, परसबागेवर, नाहीतर धानाच्या बियाण्यावर बोलतो. आज बोलायचं आहे सायकलवर. सायकल आणि बस एकाच रस्त्यावरून जातात, तेव्हा आपण आपला जीव कसा सांभाळायचा, यावर.

पुण्यामुंबईकडे शहर बसचं बोलणं निघतं. आपल्या गोंदिया जिल्ह्यात बस म्हटलं की डोळ्यासमोर येते ती लाल एसटी. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली. तेव्हापासून ती खेड्याखेड्यांत पोचली. मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर तालुक्याला जायला आपण तिचीच वाट पाहतो. पण रोजचं काम बसवर भागत नाही. दूध डेअरीवर न्यायचं असो, भाजी बाजारात न्यायची असो, रोवणीला दुसऱ्या टोल्यावर जायचं असो, तिथं सायकलच लागते. आपल्या पोरींचंही तेच आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर. त्याहून लांबच्या मुलींसाठी त्याच कार्यक्रमातल्या निळ्या बस आहेत. म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला एकाच रस्त्यावर पोरींच्या सायकली असतात आणि पोरींच्या बसही असतात.

आम्ही हा विषय का घेतला, ते आधी सांगतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातली एक बाई भाजीची टोपली कॅरिअरला बांधून बाजाराला निघाली होती. गावाबाहेरच्या थांब्यावर एक प्रवासी बस उभी होती. बसच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेला, हातभर जागा मोकळी दिसली. बाईनं विचार केला, उतारू उतरेपर्यंत आपण निघून जाऊ. ती त्या फटीत शिरली आणि तेवढ्यात दारातून एक म्हातारबा खाली उतरले. त्यांना वाचवायला तिनं हँडल वळवलं. कडेला चिखल होता, चाक घसरलं आणि ती बसच्या बाजूला पडली. त्याच वेळी घंटी वाजली आणि बस हलली. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून बस थांबली. सायकलचं मागचं चाक चेपलं, बाईच्या पायाचं हाड मोडलं. जीव वाचला. पण रोवणीचे दिवस तिचे अंथरुणात गेले.

खरी गोष्ट पुढंच आहे. त्या आठवड्यात गावातल्या दोन घरांनी पोरींच्या सायकली पडवीत लावून ठेवल्या. एक पोरगी नववीत, एक दहावीत. शाळा चार किलोमीटरवर. बसची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही. आठ दिवस पोरी घरी. नववीतल्या पोरीचे बाबा म्हणाले, "शाळा बुडली तर बुडली, पोरगी तर राहील." त्यांचं भय खोटं नव्हतं. बापाला असं वाटणारच.

आमच्या गटाची बैठक झाली. हप्त्यांचे पैसे मोजून झाले आणि त्या पोरीची आई रडायला लागली. तेव्हा पाय मोडलेली बाईच, पाय लांब करून बसलेली होती, ती म्हणाली, "माया पाय मोडला म्हणून पोरींची शाळा कायले मोडता? मी कुठं चुकली ते सांगा, तेवढं पोरींना शिकवा न."

तेव्हा आमच्या लक्षात आलं की सायकल चालवायला आपण सगळ्या शिकलो. कोणी भावाच्या सायकलवर शिकलं, कोणी कैचीतून पाय घालून. पण मोठ्या गाडीच्या बाजूनं कसं जायचं, हे आपल्याला कोणीच शिकवलं नाही. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमाराला साक्षरतेच्या मोहिमेत हजारो खेड्यातल्या बायका सायकल शिकल्या. अक्षरं आणि सायकल त्यांनी सोबतच हाती घेतली. आपल्याकडे सायकल आली आहे. तिच्यासोबत रस्त्याची अक्षरं मात्र शिकायची राहिली आहेत.

मग आम्ही ओळखीच्या एका ड्रायव्हर भाऊंना विचारलं. त्यांची बस रात्री मुक्कामाला असते आणि सकाळी निघायच्या आधी अर्धा तास उभी असते. ते म्हणाले, "ताई, मी सांगून काय होते? तुम्ही माया जागेवर बसून पाहा."

आम्ही एकेक करून ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. गाडी बंद, किल्ली भाऊंच्या खिशात. खाली आमच्यातलीच एक बाई सायकल घेऊन बसच्या डाव्या अंगाला, दाराच्या जवळ उभी राहिली. भाऊंनी विचारलं, "सांगा, तुमची बाई कुठं आहे?" डावीकडच्या आरशात रस्ता दिसत होता, झाड दिसत होतं, पानठेला दिसत होता. बाई दिसत नव्हती. ती पाच पावलं मागे गेली तेव्हा आरशात तिचा पदर दिसला. मग ती बसच्या अगदी समोर, बंपरला लागून उभी राहिली. तिथं फक्त तिच्या डोक्याचा वरचा भाग दिसला. नववीतली पोरगी उभी राहिली तर तीही दिसेना. आणि बसच्या मागे, शिडीजवळ कोणी उभं राहिलं, तर ते कोणत्याच आरशात नाही.

आपण समजतो, एवढी मोठी काच आहे, एवढ्या उंचावर ड्रायव्हर बसला आहे, त्याला सगळं दिसत असेल. पण उंचावर बसल्यामुळेच त्याला जवळचं दिसत नाही. आपल्या देशात ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून बसची डावी बाजू त्याच्यापासून सगळ्यात दूर. आणि आपण सायकलवाल्या कुठं चालतो? डावीकडूनच.

त्या दिवशी भाऊंनी एक गोष्ट सांगितली, ती आम्ही पोरींकडून पाठ करून घेतली. सायकलवर असताना बसच्या आरशात पाहा. आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसलं, तर त्यालाही तुम्ही दिसू शकता. तोंड दिसत नसेल, तर त्याच्यासाठी तुम्ही तिथं नाहीच. तोंड दिसलं म्हणून त्यानं तुमच्याकडे पाहिलंच आहे, असं मात्र धरू नका.

आता एकेक प्रसंग घेऊ.

पहिला प्रसंग, बस थांब्यावर उभी आहे आणि आपण मागून येतो आहे. अशा वेळी डाव्या फटीत कधीच शिरायचं नाही, मग जागा कितीही दिसो. दार तिकडेच, उतारू तिकडेच, चिखल तिकडेच. सगळ्यात चांगलं म्हणजे मागे थांबायचं. बसला लागून नाही, एक सायकल आडवी मावेल त्याहून जास्त अंतर सोडून, पाय जमिनीला टेकवून. थांब्यावर बस उभी राहते ती अर्धं मिनिट, फार तर एक मिनिट. एवढा वेळ आपण दुकानात सुट्या पैशासाठी उभ्या राहतो.

बस बराच वेळ हलणार नाही, ड्रायव्हर खाली उतरून चहा पितो आहे, असं असेल तर उजवीकडून जाता येतं. पण आधी उजव्या खांद्यावरून मागे वळून पाहायचं. मागून गाडी येत नाही याची खात्री झाली की उजवा हात बाहेर काढून दाखवायचा, आणि मगच बाहेर यायचं. बसपासून निदान एका हाताचं अंतर ठेवायचं, कारण ड्रायव्हरच्या बाजूलाही दार असतं. बसचं तोंड जवळ आलं की वेग कमी करायचा आणि घंटी वाजवायची. बसमधून उतरलेली माणसं बसच्या पुढूनच रस्ता ओलांडतात. ती आपल्याला दिसत नाहीत, आपण त्यांना दिसत नाही. बस पार झाल्यावर लगेच डावीकडे तिच्या पुढ्यात वळायचं नाही. ती निघाली तर आपण तिच्या बंपरसमोर असतो.

आणि आपण मधेच असताना इंजिन सुरू झालं, बस थरथरली, उजव्या अंगाचा दिवा लुकलुकायला लागला, तर शर्यत लावायची नाही. वेग कमी करून मागे राहायचं. बसशी शर्यत जिंकलेली सायकल आम्ही अजून पाहिली नाही.

दुसरा प्रसंग, बस डावीकडे वळते आहे. हा आम्हाला नवा होता. बस दहा-अकरा मीटर लांब असते. वळताना तिची पुढची चाकं जिथून जातात, तिथून मागची चाकं जात नाहीत. ती आत, कोपऱ्याकडे सरकतात. बैलबंडी बांधीत वळवताना मागचा भाग धुऱ्यावर चढतो, तसंच हे. म्हणून चौकात बसच्या डावीकडे, कोपऱ्यात उभी असलेली सायकल बसच्या तोंडापासून वाचते आणि मागच्या चाकाखाली येते. गोंदियात जयस्तंभ चौक असो की फुलचूर नाका, बस पुढे असेल तर आपण तिच्या मागे उभं राहायचं, बाजूला नाही. आणि बस वळायच्या आधी कधी कधी उलट्या बाजूला थोडी बाहेर जाते. ती जागा देते आहे असं समजून आत घुसायचं नाही. ती वळायला जागा घेत असते.

तिसरा प्रसंग, आपल्याला उजवीकडे वळायचं आहे आणि रस्त्यावर गर्दी आहे. इथं मानापमान ठेवायचा नाही. डावीकडे थांबायचं, खाली उतरायचं, दोन्ही बाजूंच्या गाड्या जाऊ द्यायच्या आणि सायकल हातात धरून पायी रस्ता ओलांडायचा. नव्या शिकलेल्या पोरींनी तर मोठ्या चौकात हेच करावं. समोरून बस गेली की तिच्यामागून लगेच निघायचं नाही. तिच्या आड दुसरी गाडी असते.

चौथा प्रसंग, मोठा रस्ता. देवरी, कोहमारा, सडक अर्जुनीकडच्या बहिणींना महामार्ग ठाऊक आहे. पूर्वी त्याला सहा नंबर म्हणायचे, आता त्रेपन्न झाला. तिथं ट्रक आणि बस भरधाव असतात. ताशी ५० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात १४ मीटर पुढे येते. ड्रायव्हरनं आपल्याला पाहून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच ती बसच्या लांबीपेक्षा जास्त पुढे आलेली असते. म्हणून शेवटच्या घडीला तो थांबेल या भरवशावर राहायचं नाही. मोठी गाडी जवळून गेली की हवेचा झोत आधी आपल्याला बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. त्या वेळी दोन्ही हात हँडलवर घट्ट ठेवायचे, सरळ पाहायचं, दचकून वळायचं नाही. एकामागे एक चालायचं. पोरी गप्पा करत तिघी-तिघी बाजूनं चालतात, ते गावाच्या आतल्या रस्त्यावर ठीक, मोठ्या रस्त्यावर नाही. डांबराच्या अगदी टोकावरून चालवू नये. टोकाला खाच असते, चाक खाली गेलं की वर येताना सायकल रस्त्यावरच आडवी होते. टोकापासून दोन वीत आत, सरळ रेषेत चालवलं की मागच्या ड्रायव्हरलाही आपण कुठं जाणार ते कळतं.

उलट्या बाजूनं चालवू नका. "समोरून येणारी गाडी दिसते म्हणून बरं," असं काही जणी म्हणतात. पण समोरासमोर आलो की आपला वेग आणि बसचा वेग मिळून टक्कर होते. आणि सावरायला वेळही कमी मिळतो.

इथं आपलीही एक चूक कबूल करायला हवी. धान निघालं की आपण ते डांबरी रस्त्यावर वाळत घालतो. अर्धा रस्ता धानाचा, कडेला दगड लावलेले. मग सायकलवाली पोरगी जाणार कुठून? ती मधे येते, बसच्या पुढ्यात. यंदा आमच्या गटानं ठरवलं, धान वाळवायचं ते अंगणात, शाळेच्या मोकळ्या पटांगणात विचारून, नाहीतर ताडपत्रीवर बांधीत. रस्त्यावर नाही.

आता सायकलची तयारी. आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, ब्रेकचे रबर पाहा. झिजले असतील तर बदलून घ्या, फार खर्च नाही. पावसात ब्रेक उशिरा लागतो, म्हणून आधीपासून हळू दाबत यायचं. घंटी वाजलीच पाहिजे. मागच्या चिखलपंख्यावर लाल रिफ्लेक्टर हवा, पेडलवर पिवळे असले तर आणखी चांगलं. नसतील तर चमकणाऱ्या पट्टीचे तुकडे चिकटवा. संध्याकाळी कामावरून येताना काळी, निळी साडी अंधारात मिसळून जाते. वरून एखादा पांढरा शर्ट घाला, आपण रोवणीला घालतोच. ओढणी मागे गाठ मारून, पदर कमरेला खोचून. चाकाला साडीगार्ड आणि साखळीला कव्हर असू द्या. लेकराला कॅरिअरवर बसवत असाल तर त्याचे पाय आऱ्यांत जाणार नाहीत अशी जाळी लावा. ओझं दोन्ही बाजूंना सारखं बांधा. हँडलला एकाच बाजूला किटली लटकवली की सायकल त्या बाजूला ओढते, तेही नेमकं बस जवळ आल्यावर. आणि मोबाईल पिशवीत. फोन वाजला तर आधी थांबा, मग बोला.

बस किंवा ट्रॅक्टरच्या मागे हात धरून ओढत जाणाऱ्या पोरांना तर जिथं पाहाल तिथं रागवा. आपलं पोरगं असो की दुसऱ्याचं.

एवढं करूनही अपघात होऊ शकतो. २९ नोव्हेंबर २०२४ ला आपल्याच सडक अर्जुनी तालुक्यात खजरीजवळ बस उलटली आणि दहाहून जास्त माणसं गेली. समोरच्या दुचाकीला वाचवताना असं झालं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. तो दिवस जिल्हा विसरलेला नाही. मोठ्या गाडीच्या समोर कोणी अचानक आलं, तर धोका एकट्या दुचाकीवाल्याला नसतो. बसमध्ये आपलीच माय, आपलीच लेक बसलेली असते. म्हणून आपण नीट चालवणं हे फक्त आपल्यासाठी नाही.

अपघात दिसला तर १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका येते. ११२ वरून पोलीस मिळतात. जखमीला उचललं तर आपल्यामागे लफडं लागेल, या भीतीनं माणसं बघत राहतात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. चांगल्या मनानं मदत करणाऱ्याला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही आणि नाव सांगायची जबरदस्तीही करता येत नाही. म्हणून भिऊ नका. मान किंवा पाठ दुखावलेली असेल तर ओढाताण करून उठवू नका, रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापडानं दाबून धरा.

गाडी ठोकून पळून गेली आणि ती कोणाची ते सापडलंच नाही, तरी सरकारची मदत आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये, अशी ती आहे. त्यासाठी पोलिसांत नोंद झालेली हवी आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवलेले हवेत. चौकशी तहसील किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा. एकटी जाऊ नका, गटातल्या दोघीतिघी सोबत जा.

आणखी एक काम गटानं करायचं आहे. आमच्या थांब्यावर बस उभी राहते ती अर्धी डांबरावर, कारण बाजूची जागा खड्ड्याची. आम्ही ग्रामसभेत ठराव मांडला की थांब्याजवळ मुरूम टाकून जागा सपाट करा आणि कडेचं झुडूप कापा. झुडूप आम्हीच श्रमदानानं कापलं. मुरूम दोन महिन्यांनी पडला. थांबा कुठं असावा, बस किती वाजता यावी, याचा अर्ज आगार व्यवस्थापकांना करता येतो. आपल्या जिल्ह्यात गोंदिया आणि तिरोडा इथं आगार आहेत. अर्ज दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता त्या दोन पोरींचं काय झालं, ते सांगून थांबतो.

नवव्या दिवशी आमच्या गटातल्या चौघी त्यांच्यासोबत सायकलवर शाळेपर्यंत गेल्या. नववीतल्या पोरीचे बाबाही मागून आले. थांब्यावर बस उभी होती. आम्ही काही बोललो नाही, पोरगी काय करते ते पाहत राहिलो. ती मागे थांबली, पाय टेकवला. बस गेली, मग ती निघाली. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बाजारातून लाल रिफ्लेक्टर आणून तिच्या सायकलला लावला.

पाय मोडलेली आमची बाई दिवाळीनंतर परत सायकलवर बसली. पहिल्या दिवशी हात थरथरत होते, असं ती सांगते. आता तीच दर महिन्याच्या बैठकीत नव्या पोरींना विचारते, "बसच्या डाव्या बाजूला काय असते?" आणि पोरी एका सुरात सांगतात, "काहीच नाही दिसत, मावशी!"

तुमच्या गटातही हे करून पाहा. ओळखीच्या ड्रायव्हर भाऊंना विनंती करा, उभ्या बसमध्ये बसा, खाली आपल्या मैत्रिणीला सायकल घेऊन उभी करा आणि आरशात पाहा. अर्धा तास लागतो. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की पुन्हा कोणी सांगावं लागत नाही.

सांभाळून चालवा, पण चालवत राहा. नमस्कार.